अल्कोय नीट बघायचं तर आधी नदी, मग गिरण्या आणि मग नगारे

स्पेनच्या अलिकान्ते प्रांतात समुद्रकिनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या बेचक्यात अल्कोय नावाचं शहर आहे. तिथल्या व्हॅलेन्सियन भाषेत आल्कोई. वस्ती साधारण साठ हजार, उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि शहराला चिरत जाणाऱ्या खोल घळी, त्यावर पूल. बाहेरचे लोक इथे बहुतेक वेळा एप्रिलमधे एका दिवसासाठी येतात, मूर (म्हणजे मध्ययुगातले स्पेनमधले मुसलमान) आणि ख्रिश्चनांची मिरवणूक बघतात, व्हिडिओ काढतात आणि संध्याकाळच्या बसने किनाऱ्यावर परत जातात. पहिल्यांदा मी पण तेच केलं. दुसऱ्या वेळी पाच दिवस राहिले, त्यातले पहिले दोन दिवस नदीकाठच्या पडक्या गिरण्यांमधे घालवले, आणि मग तीच मिरवणूक बघताना वेगळंच काहीतरी दिसायला लागलं. तो भपका, ती वाद्यं, ते भरजरी कपडे, ते बाल्कनीतले लोक, हे सगळं कापड आणि कागदाच्या कारखान्यांच्या पैशावर उभं राहिलंय. माझं बालपण सोलापुरात मागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे असेल, पण हे कळल्यावर त्या गावाबद्दल एकदम जवळीक वाटली. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितेय.

आधी तारीख पक्की करा, मग तिकीट

उत्सव परंपरेने २२, २३ आणि २४ एप्रिलला असतो, २३ एप्रिल हा सांत जॉर्दीचा म्हणजे संत जॉर्जचा दिवस. पण ईस्टर कधी येतो आणि वार कुठले येतात यावर तारखा पुढेमागे सरकवतात, काही वर्षी तर थेट मे महिन्यात गेल्यात. त्यामुळे दरवर्षी एप्रिलच असेल असं धरून विमानाचं बुकिंग करू नका, आधी त्या वर्षीचं वेळापत्रक बघा. उत्सव भरवणारी संस्था म्हणजे असोसिआसिओ दे सांत जॉर्दी, तेच तारखा जाहीर करतात.

भारतातून जाणार असाल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मुदत १५ दिवस आधीची, पण त्या मुदतीवर अजिबात विसंबू नका. एप्रिलपासूनच युरोपला जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते आणि अपॉइंटमेंटच मिळत नाही, मी ओळखीच्यांना जानेवारीतच कागद भरायला सांगते.

पोचायचं कसं

सगळ्यात सोपं म्हणजे अलिकान्तेपर्यंत विमान किंवा रेल्वे आणि तिथून बस. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, साधारण तासाभरात पोचता. दुसरा रस्ता व्हॅलेन्सियाहून शातिवामार्गे जाणाऱ्या रेल्वेचा, ही लाइन १९०४ साली अल्कोयपर्यंत पोचली. गाडी हळू आहे, दोन तासांच्या वर लागतात, फेऱ्या मोजक्याच, पण घाई नसेल तर मी हीच सांगेन, कारण डोंगर चढत चढत गाडी जाते तेव्हा कळतं की असल्या अडचणीच्या जागी कारखाने काढणं म्हणजे किती जिद्दीचं काम होतं.

राहायचं म्हणाल तर शहरात हॉटेलं थोडीच आहेत आणि उत्सवाच्या रात्री महिनोन्‌महिने आधी भरतात. मिळालं नाही तर सहा-सात किलोमीटरवर कोसेन्ताइना नावाचं गाव आहे तिथे बघा, किंवा अलिकान्तेला मुक्काम ठेवून ये-जा करा, पण मग दियाना म्हणजे पहाटेची पहिली मिरवणूक हुकते, आणि ती हुकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बुकिंग केल्यावर आठवडाभर आधी फोन करून पुन्हा खात्री करून घ्या. माझी खोली एका ठिकाणी दोघांना दिली गेली होती आणि रात्री अकरा वाजता बॅग घेऊन मी रस्त्यावर उभी होते.

पहिला दिवस नदीचा: मोलिनार

शहराच्या कडेला मोलिनार नावाचा झरा आहे, त्याचं पाणी बारमाही आणि उतार भरपूर. नावातच मोलिनो म्हणजे गिरणी आहे. या एका ओढ्यावर एकाखाली एक अशा कितीतरी पाणचक्क्या बसल्या होत्या, एकीचं पाणी सुटलं की तेच खाली दुसरीचं चाक फिरवणार. आधी धान्य दळायचं, मग लोकर बडवायची, मग कागद. लोकर बडवायची म्हणजे विणलेलं लोकरीचं कापड ओलं करून लाकडी मोठमोठ्या हातोड्यांनी तासन्‌तास कुटायचं, त्याने धागे एकमेकांत घट्ट बसतात आणि कापड जाड आणि उबदार होतं. हे हातोडे पाण्याच्या चाकावर चालायचे. इथल्या कापडाचं एवढं नाव झालं की १८०० साली इथल्या कापड उद्योगाला रॉयल फॅक्टरीचा मान मिळाला.

सकाळी लवकर निघा, पायात घट्ट बूट, सोबत पाणी आणि टोपी. पायवाट सोपी आहे पण काही ठिकाणी दगड निसटतात. इमारती बहुतेक पडक्या आहेत, चार-चार मजल्यांच्या दगडी भिंती, खिडक्यांच्या रांगा, छप्पर नाही, आत अंजिराची झाडं उगवलीत. आत शिरू नका, खरंच धोक्याचं आहे, बाहेरून सगळं दिसतं. एका भिंतीजवळ मी बराच वेळ थांबले, तिथे दगडात चाकाच्या उंचीवर गोल घासल्याच्या रेघा होत्या, एकसारख्या, बोट फिरवलं तर आत जाईल इतक्या खोल. किती वर्षं ते चाक तिथे घासत फिरलं असेल.

इथेच हेही वाचून जा की १८२१ साली आसपासच्या गावांतून हजाराच्या वर माणसं अल्कोयवर चालून आली आणि सूतकताईची यंत्रं जाळली. कारण सरळ होतं, आधी सूत खेड्यापाड्यांत घरोघरी कातलं जायचं, बायकामुलं कातायची, त्यावर घर चालायचं, आणि मशिन आल्यावर ते काम एका फटक्यात गेलं. स्पेनमधला यंत्रांवरचा हा सुरुवातीच्या मोठ्या हल्ल्यांपैकी एक. मशिनं परत आली अर्थातच, पण हातचं काम गेल्याचा राग इथे पुढे बराच काळ धुमसत राहिला.

अल्कोयला बंदर नाही, कोळसा नाही, मोठा रस्ताही नव्हता. वाफेची इंजिनं आली तेव्हा कोळसा आणायचा कुठून? म्हणून एका इंग्रज कंपनीने गांदिया बंदरापासून अल्कोयपर्यंत रेल्वे टाकली, १८९३ साली सुरू झाली, लोक तिला इंग्रजांची गाडी म्हणायचे. १९६९ मधे बंद पडली. आता त्या मार्गाचा बराच भाग सेर्पिस नदीच्या कडेने चालायला आणि सायकलला मोकळा आहे, बोगदे आहेत, टॉर्च न्या.

कागदाची गोष्ट पण इथलीच. अल्कोयने सिगारेट वळायचा पातळ कागद बनवला, छोट्या पुस्तिका करून विकला, बांबू हा त्यातला गाजलेला ब्रँड. या कामात बायकांची संख्या मोठी होती. कापडाचा धंदा आज पूर्वीइतका नाही, पण संपलेलाही नाही, चादरी, ब्लँकेट, पडदे-सोफ्याची कापडं, तांत्रिक कापड हे सगळं या पट्ट्यात अजून बनतं. आइतेक्स ही कापड-संशोधन संस्था १९८५ पासून इथे आहे, आणि पॉलिटेक्निक विद्यापीठाचा इथला कॅम्पस जुन्या कापड गिरण्यांच्या इमारतींमधेच भरतो. गिरणी पाडून मॉल करण्यापेक्षा हे किती चांगलं, असं मला तिथे उभं राहून फार वाटलं. आपल्याकडच्या गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते सगळ्यांना माहितीय.

दुसरा दिवस शहराचा

सुरुवात सान निकोलास रस्त्यापासून करा, व्हॅलेन्सियनमधे सांत निकोलाउ. हा रस्ता उत्सवाआधी शांतपणे एकदा चालणं हे या सगळ्या गाइडमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम समजा, कारण पुढे मिरवणूक याच रस्त्याने येणार आहे. इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मॉडर्निस्ता म्हणजे वळणदार, नक्षीदार शैलीतली घरं आहेत, कारखानदारांनी बांधलेली. त्यातलं कासा देल पावो बघाच, वास्तुविशारद विसेन्ते पास्कुआल, वळणदार दगड, लोखंडी कामात मोर. जवळच सिर्कुलो इंदुस्त्रियाल, १८६८ साली सुरू झालेला उद्योजकांचा क्लब. मान वर करून बाल्कन्या बघा. मालक लोक याच बाल्कन्यांतून मिरवणूक बघायचे आणि त्यांच्याच गिरणीतला माणूस खाली सरदाराचा पोशाख घालून चालायचा.

पण मालक-कामगार गोडीगुलाबीने राहायचे असं समजू नका. जुलै १८७३ मधे, स्पेनच्या पहिल्या प्रजासत्ताकाच्या काळात, अल्कोयमधे संप झाला, मागण्या होत्या मजुरीवाढ आणि आठ तासांचा दिवस. तेव्हा कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पॅनिश शाखेचं कार्यालयच या गावात होतं. नगरपालिकेसमोर गोळीबार झाला, लोक चिडले, घरं पेटवली, महापौर आगुस्ती अल्बोर्स मारला गेला. पेट्रोलियमचे पलिते घेऊन लोक फिरले म्हणून याला पेट्रोलियम क्रांती म्हणतात. एंगल्सने यावर लिहिलंय. मुख्य चौकात, प्लासा दे एस्पान्यात, उभं राहून हे आठवा, कारण जिथे हे घडलं तिथेच एप्रिलमधे उत्सवाचा किल्ला उभा राहतो.

या चौकाच्या खाली अजून एक गोष्ट आहे. १९९५ मधे सान्तियागो कालात्रावा या वास्तुविशारदाने इथे जमिनीखाली एक मोठा हॉल बांधला, ल्योत्खा दे सांत जॉर्दी. वरून काही कळत नाही, आत पांढऱ्या बरगड्यांची लांबच लांब रांग, एखाद्या मोठ्या माशाच्या पोटात असल्यासारखं. प्रदर्शन चालू असेल तर उघडं असतं, दिसलं उघडं की लगेच शिरा.

पूल बरेच आहेत, दोन नक्की पायी पार करा. कानालेखास व्हायाडक्ट १९०७ चा, लोखंडी. आणि सान खोर्खे पूल १९३१ चा, आर्ट डेको, त्याच्या मधोमध उभं राहून खालची घळ बघितली की समजतं की पूल नसताना या गावाचे दोन भाग किती लांब होते.

मग रेफुखी दे सर्वांतेस, स्पेनच्या यादवी युद्धातला बॉम्बपासून बचावाचा भुयारी आसरा, आता संग्रहालय. १९३८-३९ मधे इटालियन विमानांनी अल्कोयवर बॉम्ब टाकले. गावाचे कारखाने तेव्हा कामगार संघटनांनी ताब्यात घेऊन चालवले होते. याच गावात १९३७ मधे स्वीडन आणि नॉर्वेच्या लोकांनी वर्गणी काढून लष्करी रुग्णालय चालवलं होतं. आसऱ्यात आत बाकडी आहेत, अरुंद बोगदे, गारवा. लहान मुलं सोबत असतील तर आधी थोडं समजावून सांगून न्या.

वेळ उरला तर कामिल विसेदो पुरातत्त्व संग्रहालय, छोटं आहे, पण तिथे १९२१ मधे ला सेर्रेता टेकडीवर सापडलेला शिशाचा पत्रा आहे, त्यावर ग्रीक वळणाच्या अक्षरांत इबेरियन ही स्पेनमधली रोमनपूर्व भाषा कोरलीय. अक्षरं वाचता येतात, अर्थ अजून कोणाला लागलेला नाही. काचेला नाक लावून बघावं असं काही या गावात असेल तर हे.

आणि उत्सवाआधी शेवटचं, सांत मिकेल रस्त्यावरचं उत्सवाचं संग्रहालय, कासाल दे सांत जॉर्दी. जुने पोशाख, पोस्टर, संगीताचं दालन. हे मिरवणुकीच्या आधी बघायचं, नंतर नाही. आधी बघितलं की कुठल्या गटाचा कुठला पोशाख ते ओळखता येतं.

उत्सव: काय, कधी, कुठे उभं राहायचं

पार्श्वभूमी अशी. १२७६ साली अल-अझ्राक नावाच्या मुस्लिम सरदाराने अल्कोयवर हल्ला केला आणि तो त्यात मारला गेला. दंतकथा सांगते की तटावर घोड्यावर बसलेला संत जॉर्ज दिसला आणि गाव वाचलं. गाव स्वतः १२५६ चं. उत्सवाच्या नोंदी सतराव्या शतकापासून मिळतात आणि आजचा हा थाट मात्र एकोणिसाव्या शतकातला, म्हणजे बरोब्बर गिरण्या भरात असतानाचा.

सहभागी होणारे गट म्हणजे फिला. एकूण २८, मूरांच्या १४ आणि ख्रिश्चनांच्या १४. याना, खुदिओस, वेर्देस, मागेन्ता, आबेनसेर्राखेस वगैरे मूर, आन्दालुसेस, आस्तुरियानोस, वास्कोस, मोन्तान्येसेस वगैरे ख्रिश्चन. प्रत्येक फिलाची स्वतःची जागा असते, स्वयंपाकघर असतं, वर्षभर तिथे जेवणं आणि बैठका चालतात, वर्गणी भरली जाते. दरवर्षी दोन्ही बाजूंना एक फिला कप्तानपद घेते आणि एक अल्फेरेस म्हणजे निशाणधारी पद, पाळीपाळीने. ज्यांची पाळी त्यांनी जंगी खर्च करायचा. बायकांना मात्र फिलामधे बरोबरीने चालायला फार उशिरा आणि फार भांडून मिळालं, आणि अजूनही सगळीकडे आकडे समान नाहीत. हे मला खटकतं आणि गावातल्या कितीतरी बायकांनाही खटकतं.

आता दिवसांप्रमाणे सांगते.

उत्सवाच्या आधीच्या काही आठवड्यांत संध्याकाळी एन्त्रादेतास होतात, म्हणजे रोजच्या कपड्यात रंगीत तालीम. फिलाचे लोक जेवून रस्त्यावर उतरतात, बँड मागे, आणि ओळीने चालतात. गर्दी कमी, तिकीट नाही, हातभर अंतरावरून बघता येतं. मुख्य दिवशी यायला जमत नसेल तर फक्त यासाठी या, खंत राहणार नाही.

आदल्या संध्याकाळी, परंपरेने २१ तारखेला, वादकांचा दिवस. सगळ्या फिलांचे बँड एकेक करून चौकात येतात आणि शेवटी सगळे मिळून उत्सवाचं गीत वाजवतात. शेकडो वादक, एकच सूर, आजूबाजूचे म्हातारे लोक गाताना डोळे पुसत असतात. त्यासाठी चौकात तास-दीड तास आधी जागा धरा. नंतर घरोघरी आणि फिलांमधे ओल्येता खायची पद्धत, त्याबद्दल खाली.

पहिला दिवस प्रवेशाचा. पहाटे सहाच्या सुमाराला दियाना, अंधार, गारठा, स्वेटर लागतोच. फिलांच्या तुकड्या पासोदोब्ले या स्पॅनिश मार्च-संगीताच्या तालावर निघतात. उजेड हळूहळू वाढतो तसे पोशाखांचे रंग दिसायला लागतात. सकाळी उशिरा ख्रिश्चनांची एन्त्रादा आणि दुपारनंतर मूरांची, ती रात्रीपर्यंत चालते. दोन्ही पार्तिदोर नावाच्या ठिकाणाहून सुरू होतात, सान निकोलासवरून उतरून चौकात येतात. रस्त्याच्या कडेने खुर्च्या लावतात त्या भाड्याने मिळतात, आगाऊ घ्या. फुकट बघायचं असेल तर पार्तिदोरच्या बाजूला जा, तिथे गर्दी तुलनेने सैल असते आणि तुकडी निघते तो क्षण तिथेच दिसतो.

हा क्षण नीट सांगते. एका तुकडीत दहा-अकरा जण, खांद्याला खांदा लावून, पोशाख हुबेहूब सारखे, काहींच्या तोंडात चिरूट. मागे बँड तयार. त्यांच्या पुढे एकटा म्होरक्या, हातात तलवार किंवा भाला. आधी शांतता. मग तो हत्यार हळूच वर उचलतो, मागून नगाऱ्याचा एक ठोका, मग दुसरा, आणि सगळी ओळ एकदम डावीकडे झुकते, मग उजवीकडे, पाय जेमतेम वीतभर पुढे सरकतात. मूरांची मार्च संथ असते, जड, सनईसारखी दुल्साइना आणि खोल घुमणारे नगारे, छातीत जाणवतात. ख्रिश्चनांची त्यामानाने ठसकेबाज, पितळी वाद्यांची. ओळ तुमच्यासमोर आली की कपड्यांचा आवाज येतो, जरी, चामडं, साखळ्या, आणि कपाळावरचा घाम दिसतो, चाळीस-पन्नास वर्षांचे लोक, एरवी कोणी प्लंबर, कोणी शिक्षक, आणि त्या दहा मिनिटांत चेहऱ्यावर जे गांभीर्य असतं ते नाटकातलं नसतं.

संगीताबद्दल एक माहिती, या उत्सवासाठी म्हणून खास रचलेली पहिली रचना माहोमेत नावाचा पासोदोब्ले मानतात, खुआन कांतो यांची, १८८२ ची. तेव्हापासून गावोगावचे संगीतकार या उत्सवासाठी लिहीत आलेत, आणि व्हॅलेन्सियाच्या खेड्यापाड्यांत जे बँड टिकलेत त्यात या उत्सवांचा मोठा वाटा आहे.

दुसरा दिवस संताचा, मिरवणुका धार्मिक, सांत जॉर्दीएत म्हणून एक लहान मुलगा घोड्यावर. शांत दिवस आहे, झोप भरून काढा, पण संध्याकाळची मिरवणूक बघा.

तिसरा दिवस अलार्दो म्हणजे बंदुकांची लढाई. सकाळी एक मूर घोडेस्वार भरधाव किल्ल्याशी येऊन पत्र देतो, ते फाडलं जातं, मग राजदूत येतो, किल्ल्यावरच्या आणि खालच्या माणसात पद्यात लांबलचक वाद होतो, आणि मग जुन्या पद्धतीच्या बंदुकांनी नुसत्या दारूचा बार. किल्ला लाकडी, फेर्नांदो काब्रेराने १८९५ मधे आखलेला. सकाळी मूर जिंकतात, दुपारी तसंच सगळं उलट होऊन ख्रिश्चन परत घेतात. कानात बोळे घाला, हे काटेकोर पाळा, गल्ल्या अरुंद आहेत आणि आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो. बाळांना आणि दमेकऱ्यांना त्या गल्ल्यांत नेऊ नका. मुळात धूर एवढा की समोरचा माणूस दिसत नाही, सुती कपडे घाला, ठिणग्या उडतात. संध्याकाळी सगळे दिवे मंद होतात आणि किल्ल्याच्या माथ्यावर तो लहान मुलगा संताच्या वेषात धुरातून वर येतो, बाण सोडतो. चौक अक्षरशः ओरडतो.

मूर म्हणजे शत्रू असं हे दाखवतं का, हा प्रश्न पडतोच आणि पडायला हवा. गावात विचारलं तर कितीतरी घराणी पिढ्यान्‌पिढ्या मूर फिलांमधे आहेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. माझ्या मते इतिहास फार सरळ करून दाखवलाय, पण द्वेष मला तिथे जाणवला नाही.

खायचं काय

ओल्येता ही बीन्स, पालेभाजी आणि डुकराच्या मांसाची दाट आमटी, शाकाहारी लोकांनी आधी विचारून घ्या. पेरिकाना म्हणजे वाळवलेली लाल मिरची, सुकी मासळी, लसूण आणि भरपूर ऑलिव्ह तेल, पावाला लावून खातात. सुक्या मासळीची सवय असलेल्या कोकणी माणसाला ही पहिल्या घासातच आवडते. शाकाहारींना भाजलेल्या वांगी-मिरचीचं एस्पेन्कात मिळतं पण त्यात कधीकधी मासा घालतात, तेही विचारा. भात भरलेली मोठी लाल मिरची, बाखोका फार्सिदा, मांसाशिवाय केली तर झकास.

काफे लिकोर, कॉफीच्या बिया दारूत मुरवून केलेलं पेय, गिरणीकामगारांचं पेय म्हणून वाढलं. कोलात मिसळलं की त्याला प्लिस-प्लाय म्हणतात. गोड लागतं म्हणून पटापट पिऊ नका, पहाटे उठायचंय.

पेलादिया नक्की घ्या. बदामावर साखरेचं गुळगुळीत पांढरं कवच. तिळाच्या हलव्याला जसा पाक थोडाथोडा सोडत दाणे हलवत राहतात, तसंच, फक्त इथे काटे येऊ न देता कवच गुळगुळीत ठेवतात. आणि अँकोवी हा छोटा मासा भरलेल्या ऑलिव्हचे स्पेनभर मिळणारे डबे, एल सेर्पिस आणि ला एस्पान्योला, दोन्ही इथलेच, सेर्पिस १९२६ पासून.

एप्रिल जमत नसेल तर

५ जानेवारीला तीन राजांची, म्हणजे बाल येशूला भेटी आणणाऱ्या राजांची मिरवणूक. १८६६ मधे तिची पहिली नोंद आहे आणि स्पेनमधली सगळ्यात जुनी म्हणून ती ओळखली जाते. राजांचे सेवक लाकडी शिड्या लावून बाल्कनीत चढतात आणि पोरांच्या हातात भेटी देतात, ती पोरं खिडकीत तासन्‌तास वाट बघत असतात. सेवकांचे चेहरे काळे रंगवायची पद्धत मात्र मला पटत नाही, यावर गावात वाद चालू आहे. आदल्या दिवशी गाढवांवर टपालपेट्या फिरतात, पोरं त्यात पत्रं टाकतात. त्याच सुमाराला तिरिसिती नावाचा बाहुल्यांचा खेळ असतो, काठीवरच्या बाहुल्या, एकोणिसाव्या शतकापासूनचा, तिरिसिती शिट्टीसारख्या आवाजात बोलतो आणि शेवटी फुग्यातून वर जातो. तिकिटं लवकर संपतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलात तर शेजारच्या कोसेन्ताइनाची जत्रा बघा, १३४६ पासून चालू आहे.

डोंगरासाठी एक दिवस वेगळा ठेवा. फोन्त रोखा हे १९८७ पासूनचं नैसर्गिक उद्यान, ओकचं दाट जंगल, माथा मेनेखादोर, १३५६ मीटर. वाटेत दगडी गोल खड्डे लागतात, आत डोकावून बघा, खोल आहेत. हिवाळ्यात पडलेला बर्फ यात दाबून, पेंढा घालून ठेवायचे आणि उन्हाळ्यात रात्री खेचरांवरून खाली किनाऱ्याच्या गावांना विकायला न्यायचे. ला सार्गा इथली खडकांवरची प्राचीन चित्रं युनेस्कोच्या यादीत १९९८ पासून आहेत, तिथे स्वतःहून जाता येत नाही असं समजूनच पर्यटन कार्यालयात आधी चौकशी करा.

परतीचं तिकीट अलार्दोच्या रात्रीचं काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सान निकोलासवरून पुन्हा एकदा चाला. खुर्च्या उचलायचं काम चाललेलं असतं, सफाईवाले पाण्याचे पाइप घेऊन बंदुकीच्या दारूची राख धुवत असतात, आणि बाल्कनीतून बायका पोशाख झटकून वाळत घालत असतात.